गिरणगावची रंगभूमी आणि आपला नाट्येतिहास

मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण एका ठरलेल्या वाटेने जातो. १८४३चे सांगली, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, मग बोलपटाने आणलेली पडती, मुंबई मराठी साहित्य संघाचे पुनरुज्जीवनाचे प्रयत्न, १९६०ची ‘रंगायन’, १९७४ पासूनची छबिलदासची चळवळ. ही वाट चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु मुंबईपुरते बोलायचे तर ती गिरगावातून निघते आणि दादरला पोचते. मधले लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव हे सगळे तिला लागतच नाही. दादरच्या छबिलदास शाळेपासून परळचे दामोदर नाट्यगृह अवघे दोन-तीन किलोमीटरांवर. पण पाठ्यपुस्तकांत या दोन जागांमधले अंतर फार मोठे आहे. या मधल्या पट्ट्यात पाऊणशे वर्षे जी रंगभूमी नांदली तिला ‘कामगार रंगभूमी’ असे एक नाव आहे, आणि बहुतेक ग्रंथांत त्या नावाखाली एखादा परिच्छेद असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तो परिच्छेद थोडा लांबवण्याचा आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली. पुढच्या अर्धशतकात गिरण्या वाढल्या तसा रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा-पुणे-कोल्हापूरकडच्या घाटावरून माणूस आला. हा माणूस बहुधा एकटा आला. बायकामुले गावी शेतीवाडीला राहिली आणि तो गाववाल्यांच्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत राहिला. या राहणीचा नाटकाशी फार जवळचा संबंध आहे. ‘गावकऱ्यांची खोली’ हे गिरणगावातल्या नाट्यमंडळाचे मूळ रूप होय. खोलीचे ग्रामस्थ मंडळ झाले, मंडळाची भजने, डबलबारी, नमन-खेळे, जाखडी झाली, आणि त्यातूनच पुढे ‘सामाजिक’ किंवा ‘ऐतिहासिक’ तीन अंकी नाटक उभे राहिले. कोकणातला दशावतार, रत्नागिरीकडचे नमन आणि घाटावरचा तमाशा ही तिन्ही अंगे एका वस्तीत शेजारी शेजारी येणे हे मुंबईतच शक्य होते.

नाटक बसवायचे ते कशासाठी, हा प्रश्न गिरणगावात कलेच्या भाषेत क्वचितच विचारला गेला असेल. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाण्याची विहीर यांसाठी निधी हवा असे. मग देणगी-प्रवेशिका छापायच्या, त्या खात्याखात्यांत खपवायच्या, ओळखीच्या दुकानदारांकडून स्मरणिकेसाठी जाहिराती आणायच्या. तालमी पाळ्यांच्या हिशेबाने. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, म्हणजे सगळी पात्रे एकत्र सापडण्याची वेळ सुट्टीचीच. ड्रेपरी भाड्याची, पडदे भाड्याचे, प्रॉम्प्टर मात्र घरचा. काही नाटके मुंबईत एकदा होऊन शिमग्याला किंवा मेच्या रजेत गावी जात. मुंबईत बसवलेले नाटक गावच्या मांडवात होणे हा चाकरमान्याच्या प्रतिष्ठेचा भाग होता. शहर आणि गाव यांच्यामध्ये पैसा जसा मनीऑर्डरने जात होता तसे नाटकही जात होते. आपल्याकडे ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ असे साहित्याचे कप्पे पाडण्याची सवय आहे. गिरणगावातले नाटक यांपैकी कोणत्या कप्प्यात ठेवायचे? मला वाटते, ते कशातच बसत नाही म्हणूनच ते समीक्षेच्या हातून निसटले.

या रंगभूमीला जागा मिळाली ती सामाजिक सुधारणेच्या एका प्रयत्नातून. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, कामगारांसाठी निकोप करमणूक हा लीगचा कार्यक्रम होता, आणि परळचा दामोदर ठाकरसी हॉल त्याचाच भाग. दारूचा गुत्ता आणि जुगार यांपासून कामगाराला दूर ठेवण्यासाठी नाटक, असा सुधारकी हिशेब त्यामागे होता. पण एकदा सभागृह उभे राहिले की ते बांधणाऱ्याच्या हिशेबात राहत नाही. ९ मार्च १९२४ रोजी याच दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी बोलावलेली सभा झाली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. संघटनेचे कार्यालयही तिथेच होते. ज्या रंगमंचावर पुढे अनेक दशके हौशी नाटके झाली त्याच छपराखाली दलित चळवळीची एक मोठी सुरुवात झाली, ही बाब नाट्येतिहासाने आपली मानलेली नाही आणि सामाजिक इतिहासाने त्या सभागृहात नाटकेही होत याची फारशी दखल घेतलेली नाही. बीडीडी चाळींतून झालेले आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार हेही या पट्ट्याच्याच रंगव्यवहाराचा भाग होत.

तमाशाचे घर मात्र वेगळे होते. लालबागच्या हनुमान थिएटरात घाटावरच्या मंडळींचा फड रंगे. भाऊ-बापू नारायणगावकर, विठाबाई, दादू इंदुरीकर ही नावे तिथे गाजली. दामोदर हॉल आणि हनुमान थिएटर यांचे प्रेक्षक पुष्कळदा एकच असत, याकडे लक्ष द्यायला हवे. ‘हौशी नाटक’ आणि ‘तमाशा’ असे दोन अध्याय आपण वेगळे लिहितो. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस एका आठवड्यात दोन्ही पाहत होता. दादा कोंडके नायगावात वाढले हे लक्षात घेतले की १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधली त्यांची हजरजबाबी बोली कुठून आली याचा उलगडा होतो. वसंत सबनीसांची संहिता प्रयोगागणिक वाढवत नेण्याचे त्यांचे कौशल्य वगनाट्याच्या परंपरेतले तर होतेच, शिवाय ते चाळीच्या गॅलरीतलेही होते.

आता लाल बावट्याकडे वळू. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४च्या सुमारास उभे राहिले. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण गणातली देवाची वंदना काढून तिथे मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना आणले, गवळण गाळली, आणि वगात सावकार, शेटजी, निवडणूक, काळाबाजार आणला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही त्यांची वगनाट्ये. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना तमाशावर बंधने आली तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले आणि रूढ झाले. एखाद्या वाङ्मयप्रकाराचे नाव सरकारी मनाईतून घडावे याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत मला तरी दिसत नाही. आपण परीक्षेत ‘तमाशा आणि लोकनाट्य यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न घालतो, आणि विद्यार्थी सौंदर्यशास्त्रीय फरक लिहितात. त्या फरकात पोलिसांच्या परवान्याचाही वाटा होता हे उत्तरपत्रिकेत क्वचितच येते.

मात्र लाल बावट्याचे तेज इतके आहे की त्याच्या प्रकाशात बाकीची कामगार रंगभूमी दिसेनाशी होते, आणि डाव्या अभ्यासकांकडून हे हमखास घडते. संपाची, मोर्चाची, संयुक्त महाराष्ट्राची रंगभूमी म्हणजेच कामगारांची रंगभूमी असे समीकरण त्यांनी मांडले. प्रत्यक्षात मंडळांच्या यादीत भरणा असे तो सासू-सुनांचे छळ, दारुड्या बाप, परतलेला भाऊ, संभाजीराजे आणि डाकू यांचा. स्वस्त कागदावर छापलेली ही नाटके आज वाचवत नाहीत; संवाद बटबटीत, योगायोग ढीगभर. त्यांना उगाच थोर ठरवण्यात अर्थ नाही. उलट बाजूने मामा वरेरकरांनी ‘सोन्याचा कळस’मध्ये गिरणीचे जीवन रंगभूमीवर आणले, ‘धावता धोटा’ कादंबरीत ते मांडले. विषय गिरणीचा, पण ती कृती बाहेरून पाहणाऱ्या सहृदय लेखकाची. गिरणीतल्या माणसाला स्वतःचे नाटक करायला मिळाले तेव्हा त्याने गिरणी दाखवलीच नाही, त्याने राजा दाखवला. आठ तास जिथे उभे राहायचे ते रात्री पुन्हा पाहण्यात त्याला रस का असावा?

१९५३च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ अस्तित्वात आले आणि त्याची ललित कला भवने, त्याच्या नाट्यस्पर्धा यांनी या हौसेला एक शिस्त लावली. स्पर्धेमुळे संहिता बदलल्या. परीक्षक दादर-गिरगावचे असत, त्यांना आवडेल ते नाटक मंडळे निवडू लागली. वेळेची मर्यादा, पात्रांचे प्रमाण, नेपथ्याचे गुण. पहाटेपर्यंत चालणारे नाटक अडीच तासांत आले. यातून व्यावसायिक रंगभूमीला नट मिळाले हा लाभ खरा. पण मंडळाचे नाटक आणि मंडळाची गरज यांची गाठ इथेच सैल होऊ लागली असे माझे मत आहे.

एका बाबतीत या रंगभूमीचे मौन जास्त खटकते. वस्ती पुरुषांची, म्हणून सुरुवातीला स्त्री-भूमिका पुरुषच करीत. ‘स्त्रीपात्रविरहित’ नाटकांना कायम मागणी असे. पुढे नाइटवर येणाऱ्या अभिनेत्री मिळू लागल्या. एक-दोन तालमी, ठरलेली बिदागी, आणि प्रयोगाच्या रात्री अनोळखी मंडळाबरोबर नायिकेचे काम. एकेका हंगामात पाचपन्नास मंडळांच्या नायिका झालेल्या या स्त्रियांचा उल्लेख स्मरणिकेत मानधनाच्या ओळीत असे. मंडळाच्या अध्यक्षापासून पेटीवाल्यापर्यंत सर्वांचे फोटो, आणि जिच्यावाचून नाटक उभे राहिले नसते ती ‘पाहुणी कलावंत’. कामगार रंगभूमीचा जो काही इतिहास लिहिला जाईल त्यात या बायांचे प्रकरण पहिले असायला हवे.

इथे दोन प्रसिद्ध नाटके शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली. एकाविषयी शेकडो लेख आहेत. दुसऱ्याचे प्रयोग पाच हजारांवर गेले. पण दोन्ही नाटके हौशी नाट्यमंडळाविषयीच आहेत! एका नाटकात शहरातली मध्यमवर्गीय मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला जातात; दुसऱ्यात मालवणी मुलखातले गावकरी द्रौपदी-वस्त्रहरणाचा प्रयोग उभा करू पाहतात. दोन्हींत नाटकातले नाटक आहे, दोन्हींत भरल्या सभेत एक स्त्री उभी आहे. तेंडुलकरांच्या नाटकात खेळ खरा होतो आणि बेणारेवर उलटतो. गवाणकरांच्या नाटकात खरे व्हायला हवे ते सतत कोसळून खेळ होते, आणि सभेचा दरारा हशात वाहून जातो. पहिले नाटक हौशी मंडळाकडे संशयाने पाहते, दुसरे मायेने. मच्छिंद्र कांबळी आणि त्यांचा संच ही मायेची भाषा ज्या प्रेक्षकासमोर बोलत होता त्याने असे फसलेले प्रयोग स्वतः केलेले होते; तो गवाणकरांच्या गावकऱ्यांना हसत होता तेव्हा स्वतःच्या मंडळाला हसत होता. मालवणी बोलीचे नाटक मुंबईत इतके चालले याचे श्रेय आपण बोलीच्या गोडव्याला देतो. गिरणगावातल्या तीन पिढ्यांच्या तालमींना ते द्यायला हवे. (आणि हेही खरे की ज्या नटीवाचून असे प्रयोग उभे राहत नसत, तिच्या बाजूने या दोहोंपैकी कोणतेच नाटक लिहिलेले नाही.)

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. मंडळांचे नाटक पगारातल्या वर्गणीवर चालत होते. पगार थांबला आणि नाटक थांबले. काही माणसे गावी परतली, काही पुढे विरार-नालासोपारा-डोंबिवलीकडे सरकली. जयंत पवारांचे ‘अधांतर’ १९९७ साली आले. चाळीतल्या एका कुटुंबाच्या वाताहतीचे हे नाटक. पवार स्वतः लालबागमध्ये वाढलेले, त्यामुळे वरेरकरांकडे जे नव्हते ते आतले डोळे त्यांच्याकडे होते. तरीही एक विपरीत योग असा की कामगाराचे घर मुख्य रंगभूमीवर इतक्या ताकदीने आले ते कामगार स्वतः नट म्हणून रंगमंचावरून उतरल्यानंतर. २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात शाहीर, तमाशा, नाटक यांच्या आठवणी कामगार चळवळीच्या आठवणींत मिसळून येतात, आणि त्या तशाच मिसळलेल्या असणार. नाट्यशास्त्राच्या आणि मराठीच्या विभागांनी अशा मुलाखती घ्यायला हव्या होत्या. तेव्हा आपण आधुनिक रंगभूमीच्या प्रवाहांवर चर्चासत्रे भरवत होतो.

हनुमान थिएटर केव्हाच बंद पडले. दामोदर नाट्यगृहात मात्र संपानंतरही चार दशके नमन, शक्ती-तुरा, मालवणी नाटके होत राहिली. उपनगरांत पांगलेली मंडळी त्यासाठी परळला परत येत. २०२३च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झाले, कलावंतांनी निदर्शने केली, नव्या इमारतीत नाट्यगृह असावे आणि तेवढ्याच आसनांचे असावे अशी मागणी झाली. इमारतीचा प्रश्न त्या मार्गाने सुटेल किंवा सुटणार नाही. हस्तलिखिते, स्मरणिका, प्रवेशिकांची अर्धुके, स्पर्धांची प्रमाणपत्रे हा ऐवज मात्र कुठल्याही आराखड्यात नाही. तो अजून काही घरांत, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधांसाठी दर वर्षी विषय शोधत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांची आडनावे त्याच कोकणातली आणि त्याच घाटावरची असतात. त्यांनी आजोबांच्या मंडळाचे नाव घरी विचारून यावे, एवढे मी अलीकडे पहिल्याच तासाला सांगतो.