काचपात्रातील शैवल : 'समतोल' या कल्पनेचा इतिहास

पाणवनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या काचपात्रात शैवल माजले, म्हणजे त्याचे कारण बहुधा पोषकद्रव्यांच्या आधिक्यात शोधले जाते. पोषण तोडावे म्हणजे शैवल मरेल, हा त्यावरील सर्वपरिचित उपाय होय. तो वरवर पाहता शास्त्रीय वाटतो. परंतु त्याचा उगम शोधू गेल्यास असे आढळते, की सरोवरांच्या अभ्यासातून निघालेला एक निष्कर्ष, जो आपल्या क्षेत्रात भक्कम होता, तो पुरेशी परीक्षा न होताच काचपात्राला लावण्यात आला. प्रस्तुत लेखात या स्थलांतराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

वनस्पती दूषित हवा पुन्हा शुद्ध करतात, हे प्रीस्टली यांनी १७७१ साली दाखविले होते आणि त्यासाठी प्रकाशाची आवश्यकता असते, हे इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये सिद्ध केले होते. हाच न्याय पाण्यातही लागू पडतो की काय, हे पाहण्यासाठी लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) यांनी १८४९ साली सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन सोनेरी मासे ठेवून त्यात व्हॅलिस्नेरिया लावली. जलपरागणाचे उदाहरण म्हणून ही वनस्पती आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही परिचयाची आहे. मासे जगले. तथापि जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर शेवाळाचा थर धरू लागला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पात्रात काही पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. हा वृत्तांत त्यांनी मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शैवलाचा प्रश्न अगदी या आरंभीच्या प्रयोगातच उपस्थित झाला होता. परंतु 'समतोल' या शब्दाचा अर्थ प्राणवायू व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या देवघेवीपुरताच मुख्यतः घेतला गेला. खनिज पोषणाचा विचार तेव्हा अज्ञात होता असे नव्हे. ज्या द्रव्याचा पुरवठा गरजेच्या मानाने सर्वांत अपुरा, तेच वाढीची मर्यादा ठरविते, हे तत्त्व श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडले होते आणि लीबिग यांनी १८४० नंतर त्याचा प्रसार केला. गोगलगाय शैवल खाते खरे. परंतु त्यातील नत्र व स्फुरद यांचा मोठा भाग तिच्या विष्ठेवाटे पुन्हा पाण्यातच येतो. द्रव्य नाहीसे होत नाही, केवळ त्याचे स्थान बदलते.

या संदर्भात एक योगायोग उल्लेखनीय आहे. वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र (१८३८–१९०७) पुढे रॉथॅम्स्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात नत्रीकरणाचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर सजीवांकरवी घडते, हे श्लोझिंग व म्यून्त्स यांनी १८७७ मध्ये दाखविले. धाकट्या वॉरिंग्टन यांनी त्याचा दीर्घ पाठपुरावा केला आणि विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढले. पित्याच्या पात्रात माशांच्या उत्सर्गाचे काय होत असावे, याचे उत्तर पुत्राला शेतमातीत सापडले होते. वायूंच्या समतोलाची कल्पना मात्र टिकून राहिली. वायूंची देवघेव मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, असे सांगून न्यूयॉर्क मत्स्यालयातील जेम्स ॲट्झ यांनी १९४९ च्या सुमारास 'समतोल पात्रा'ला दंतकथा ठरविले.

यापुढील वळण सरोवरांच्या अभ्यासातून आले. १९७३ साली कॅनडातील वायव्य ऑन्टॅरिओमध्ये डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच भागात घातले. तोच भाग शैवलाने हिरवा झाला. सांडपाण्यातील स्फुरदावर नियंत्रण हवे, या मागणीला त्यामुळे मोठे बळ मिळाले. पुढे १९९६ मध्ये पॉल सीअर्स व केविन कॉन्लिन यांनी काचपात्रासाठी असे प्रतिपादन केले, की वनस्पतींना नत्र, पालाश, सूक्ष्मद्रव्ये व कार्बन डाय-ऑक्साइड भरपूर द्यावेत आणि स्फुरद तेवढे दुर्मीळ ठेवावे. म्हणजे शैवल हटेल. अनेकांना याचा अनुभव आला, यात शंका नाही. परंतु येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या : स्फुरद तोडले गेले, आणि इतर सर्व पोषण वाढविले गेले. यश नेमके कशाचे, हे अशा रचनेवरून ठरत नाही.

ही गाठ सोडविण्याचा मार्ग सरळ होता, तो म्हणजे इतर पोषण तसेच ठेवून स्फुरदही घालून पाहणे. अमेरिकेतील टॉम बार यांनी तसे केले, आणि जोमाने वाढणाऱ्या वनस्पतींच्या पात्रात शैवल माजले नाही. त्यांच्या पद्धतीत सर्व पोषकद्रव्ये गरजेपेक्षा किंचित अधिक घालून दर आठवड्यास निम्मे पाणी बदलतात, जेणेकरून काहीच साचून राहत नाही. हा प्रयोगशाळेतील काटेकोर प्रयोग नव्हे. तथापि 'स्फुरद असले म्हणजे शैवल येणारच' या सार्वत्रिक विधानाचे खंडन करण्यास एकच विश्वसनीय प्रतिउदाहरण पुरेसे असते.

मग सरोवराचा निष्कर्ष चुकीचा होता काय? नव्हे, चुकली ती उपमा. ऑन्टॅरिओतील प्रयोगाचा विषय तरंगणारे शैवल हा होता. वनस्पतींनी भरलेल्या पात्राचे साधर्म्य आहे ते उथळ जलाशयांशी. इंग्लंडमधील नॉरफोकच्या उथळ जलाशयांचा अभ्यास करून फिलिप्स, एमिन्सन व मॉस यांनी १९७८ मध्ये दाखविले, की प्रथम पानांवर चढणारे शैवल वनस्पतींना झाकोळते आणि त्या खचल्यानंतर तरंगते शैवल पाण्याचा ताबा घेते. मार्टेन शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याचे सूत्ररूप मांडले : पोषकद्रव्यांच्या एकाच पातळीवर वनस्पतियुक्त स्वच्छ पाणी आणि शैवलयुक्त गढूळ पाणी, अशा दोन्ही अवस्था टिकू शकतात. अर्थात अवस्था ठरते ती केवळ पोषकद्रव्यांच्या मोजमापाने नव्हे, तर वनस्पती सलग वाढत आहेत की नाहीत यावर.

म्हणून पात्राचे निदान करताना प्रथम पान पाहावे. जुनी पाने पिवळी पडत असल्यास नत्राची उणीव संभवते, कारण वनस्पती ते जुन्या पानांतून नव्यांकडे वळविते. नवी पाने फिकी निघत असल्यास लोहाची शंका घ्यावी, कारण ते तसे सहज हलत नाही. प्रकाश तीव्र आणि कर्बाचा पुरवठा अपुरा असेल, तर वाढ खुंटते व खुंटलेल्या पानावर शैवल ठाण मांडते. अशा वेळी पोषण तोडणे म्हणजे शैवलाच्या प्रतिस्पर्ध्यालाच दुर्बळ करणे होय.

वॉरिंग्टन यांच्या पात्रातही शेवाळाबरोबर कुजकी पाने होती, ही नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. नंतरच्या अभ्यासकांनी शेवाळाकडे पाहिले, पानांकडे फारसे पाहिले नाही. एका जलाशयात सिद्ध झालेले विधान दुसऱ्या जलाशयास लावण्यापूर्वी दोहोंत कोणते घटक समान आहेत, हे तपासले पाहिजे, हाच या इतिहासाचा संशोधकास बोध आहे.