जॉग

इंग्रजी शब्द; क्रियापद आणि नाम. सोळाव्या शतकापासून आढळतो. मूळ अर्थ हलकासा धक्का देणे, ढोसणे, हिसका देऊन हलवणे. व्युत्पत्ती निश्चित नाही. पुढील अर्थांत हा धक्का कुठे ना कुठे शिल्लक आहे.

धावणे : रमतगमत, दमाने धावणे. मराठीत ‘जॉगिंग’ याच अर्थाने रुळले. घोड्याच्या अशा चालीला आपल्याकडे ‘दुडकी’ हा नेमका शब्द आहे; माणसाच्या धावण्याला तो चिकटला नाही, याची हळहळ वाटते. व्यायाम म्हणून प्रसार न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्यापासून. १९६२ च्या अखेरीस तिथे गेलेले अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी हा प्रकार मायदेशी नेला. हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘जॉगिंग’ हे पुस्तक १९६७ चे.

स्मृती : आठवण चाळवणे.

विद्युत यंत्रे : बटण दाबलेले असेल तेवढाच वेळ मोटर फिरवणे.

नेहमीच्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण सोडले तरी कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच, स्वतःच्या सहायक संपर्कावर धरून राहतो. जॉगमध्ये ही पकड तोडलेली असते. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगची भोके जुळवताना कारागीर बटणावर अंगठा टेकवतो, लगेच उचलतो. शाफ्ट बोटभर सरकतो. भोके समोरासमोर येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. दर वेळी मोटर पूर्ण भाराच्या पाच ते आठ पट प्रवाह ओढते आणि संपर्क तोच प्रवाह तोडतात. म्हणून या कामाला एसी-३ ऐवजी एसी-४ वर्गाचे मानांकन पाहून कॉन्टॅक्टर निवडावा लागतो. हे न पाळल्यास संपर्क जळतात, प्रसंगी एकमेकांना वितळून चिकटतात आणि बटण सोडल्यावरही मोटर थांबत नाही. तेव्हा कपलिंगपाशी कोणाचा तरी हात असतो. ‘इंचिंग’ हा पर्यायी शब्द. पूर्ण विद्युतदाबावर जॉग आणि कमी विद्युतदाबावर इंचिंग असा भेद काही ग्रंथ करतात, काही करत नाहीत.

संगणकनियंत्रित (सीएनसी) यंत्रांत ‘जॉग’ म्हणजे कार्यक्रम न चालवता एकेक अक्ष हाताने सरकवणे.

छपाई : कागदांची थप्पी हलवून, ठोकून कडा एका ओळीत आणणे.

राग जोग, शरावतीवरील जोग धबधबा आणि जोग हे आडनाव यांचा या शब्दाशी संबंध नाही.