नादाची जात राहते कोठे?

सतार आणि बासरी यांवर एकाच पट्टीतला सा वाजवला तरी दोन्ही वेगळी ओळखू येतात, कारण त्यांच्या नादाची जात वेगळी असते. हे आपण सगळेच वर्गात सांगतो. 'आ' आणि 'ई' यांतला फरकही जातीचाच, हे सांगायचे मात्र राहून जाते. पट्टी न बदलता, तेवढ्याच जोराने 'आ' म्हणता म्हणता 'ई'वर जाऊन पाहा. बदलते ती फक्त जात.

हे यंत्राने करून दाखवले जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी. त्यांनी नादकाट्यांची एक रांग मांडली. पहिल्या काट्याची वारंवारता खालची, पुढच्यांची तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी. विद्युतचुंबकांमुळे काटे सतत कंप पावत. प्रत्येकासमोर एक पोकळ नळकांडे असे आणि त्याचे तोंड किती उघडायचे ते कळ दाबून ठरवता येई. जणू आवाजांचे मिश्रण करणारी पेटीच! यातून 'ऊ' आणि 'ओ' चांगले निघाले, 'आ' बेताचा. 1863 साली त्यांचा ग्रंथ निघाला, आणि 'उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणाने जात ठरते' हे सूत्र पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

सूत्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. 1952 मध्ये अमेरिकेत पीटरसन आणि बार्नी यांनी पुरुष, स्त्रिया व मुले अशा 76 जणांचे स्वर मोजले. एकाचा एक स्वर आणि दुसऱ्याचा भलताच स्वर यांची मापे चक्क एकमेकांत मिसळत होती. मग ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही?

1957 साली लॅडेफोगेड आणि ब्रॉडबेंट यांनी यंत्राने एक इंग्रजी वाक्य बोलवले आणि त्यामागून एकच शब्द. शब्द तोच ठेवला. बदलली ती फक्त आधीच्या वाक्याच्या स्वरांची मापे. तर पूर्वी 'बिट' ऐकू येणारा शब्द आता बहुतेकांना 'बेट' ऐकू आला! म्हणजे कान आधी बोलणाऱ्याचा अंदाज घेतो आणि मग त्या मापाने स्वर ओळखतो. आम्हांला हा प्रयोग हेल्महोल्ट्झच्या प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो. तो वर्गात मात्र क्वचितच पोचतो.

1981 मध्ये रेमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर उपस्वरच काढून टाकले. वाक्यातल्या ठळक वारंवारतांच्या चढउतारांबरोबर सरकणाऱ्या तीन साध्या शिट्ट्या, एवढेच उरले. काही न सांगता ऐकवल्यावर बहुतेकांना त्या विज्ञानपटातल्या चित्रविचित्र आवाजांसारख्या वाटल्या. 'हे यंत्राचे बोलणे आहे' असे सांगितल्यावर मात्र अनेकांना शब्द कळू लागले. शिट्ट्यांची जात काही माणसाची झाली नाही. ती विचित्रच राहिली, आणि तरी वाक्य कळले. पुढे 1997 मध्ये असे दिसले, की अशा शिट्ट्यांवरून ओळखीचा माणूससुद्धा ओळखता येतो.