दुखरी बोटं आणि ढिली तार

हौस म्हणून उतारवयात गिटार शिकायला घेतलेल्या माणसाची गाडी बहुधा ‘एफ’ कॉर्डपाशी अडते. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. बोटांची टोकं हुळहुळतात, मनगट भरून येतं. माझी डावी करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसलेली. महिन्याभरातच मी हा नाद सोडायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास दोन वादकांच्या हकिकती वाचनात आल्या.

जँगो राइनहार्ट १९१० साली बेल्जियममध्ये, भटक्या मानुश जमातीत जन्मला. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं आत होती, ती भडकली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून जवळजवळ निकामी झाली. दीडएक वर्ष अंथरुणात काढताना त्याने वादन नव्याने बसवलं : ताना तर्जनी-मध्यमेने घ्यायच्या, आखडलेली बोटं जमेल तशी कॉर्डपुरती टेकवायची. १९३४ साली व्हायोलिनवादक ग्रापेलीबरोबर त्याचा पाच जणांचा वाद्यवृंद उभा राहिला.

दुसरा टोनी आयोमी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला मुलगा. १९६५ साली, सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच! कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पण टोपणातून तार जाणवेना, आणि जोरात दाबावं तर दुखे. तेव्हा त्याने वाद्यालाच हात घातला.

इथे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं सूत्र येतं. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली छापलेले नियम सांगतात, की तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असते आणि दर सेंटिमीटरमागच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे तोच स्वर बारीक तारेतून काढायला ताण कमी पुरतो. पाव मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी त्याच धातूची ०.२ मिलिमीटरची घेतली तर ताण ६४ टक्क्यांवर येतो. आयोमीने बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे ब्लॅक सॅबाथ या त्याच्या वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, खाली उतरवल्या. कंप्रता ८४ टक्के, ताण मात्र ७१ टक्के! ढिल्या तारांचा तो जड, खर्जातला आवाज पुढे ‘हेवी मेटल’ची खूण ठरला. तो अनेकांना कर्कश वाटतो, मलाही कधीकधी. पण त्यामागे दुखणारी बोटं होती हे कळल्यावर मी तो वेगळ्या कानांनी ऐकतो.

वर्गात हे सोनोमीटरवर दाखवता येतं. तारेला ४ किलो टांगून स्वर ऐकवा, मग वजन सुमारे २ किलो ८०० ग्रॅम करा. शेजारी पेटी ठेवलीत तर विद्यार्थी स्वतःच तीन पट्ट्या मोजतील.

मी बारीक तारा घातल्या आणि सगळ्या दोन अर्धस्वर उतरवल्या. ताण आणखी वीस टक्क्यांनी घटला. गाण्याची पट्टी जुळवायला दुसऱ्या पडद्यावर कॅपोची चाप लावतो. ‘एफ’ आताशा चार तारांचाच वाजवतो. पाचवी अजून झणझणते.