पन्नास दिरहॅमवरचं हरीण

दुबईत किंवा अबुधाबीत लहानाचे मोठे झाला असाल, तर पन्नास दिरहॅमची जुनी कागदी नोट तुमच्या हातातून शेकडो वेळा गेली असेल. तिच्यावरचं लांब, सरळ शिंगांचं जनावर म्हणजे अरबी ओरिक्स, अरबीत ‘अल महा’. आपण त्याला ‘हरीण’ म्हणून मोकळे होतो. खरं तर ते काळविटाच्या कुळातलं. चितळ-सांबरासारखी त्याची शिंगं दरवर्षी गळून नवी येत नाहीत. मोडलं की मोडलं.

1962 साली लंडनच्या फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटीने एडनच्या पूर्वेकडच्या वाळवंटात, म्हणजे आजच्या येमेनमध्ये, एक मोहीम पाठवली. केनियाचे मुख्य वन्यजीव अधिकारी इयन ग्रिमवुड तिचे प्रमुख. उरलेले ओरिक्स पकडायचे आणि सुरक्षित जागी वाढवायचे, असा बेत. हाती लागले चार: तीन नर, एक मादी. त्यातला एक नर पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. तपासल्यावर त्याच्या अंगावर बंदुकीच्या गोळीची आधीची जखम आढळली.

मला या नरापाशी थांबावंसं वाटतं. त्याने गोळी सोसली होती. वाचवायला आलेल्यांचा पाठलाग मात्र सोसला नाही. फार दमवलं की अशा प्राण्यांचे स्नायूच निकामी होऊ लागतात, अंग तापतं आणि पकडल्यावरही जनावर दगावू शकतं. ‘गोळी लागली तरी पळालं बघ!’ हे शिकारकथांमधलं ठरलेलं कौतुक. पण आपल्याला दिसतं ते वाचलेलं जनावर. जे दूर जाऊन वाळूत पडलं, ते कोण मोजणार?

ओरिक्स पाण्याशिवाय महिनोन्‌महिने काढतो, पण त्यासाठी पाऊस पडलेल्या कुरणापर्यंत चालत जावं लागतं. लंगडं जनावर मागे पडतं. उंटावरून शिकार व्हायची तेव्हा जखमी ओरिक्सला निसटायची निदान संधी होती. तेलाच्या पैशाबरोबर मोटारी आणि स्वयंचलित बंदुका आल्या, आणि माग काढत शेवटपर्यंत गाठणं सोपं झालं. जखम भरायला वेळ लागतो. जीपने नेमका तोच काढून घेतला. 1972 मध्ये ओमानमध्ये रानातला शेवटचा कळपही संपला. (भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला तेही हेच वर्ष.)

तोवर ॲरिझोनातल्या फीनिक्स प्राणिसंग्रहालयात नऊ ओरिक्सपासून कळप सुरू झाला होता. त्यात एडनचे तीन होते; बाकीचे लंडन, कुवेत आणि सौदी अरेबियातून आलेले. इकडे शेख झायेद यांनी 1968 मध्ये अल ऐनला चार ओरिक्स आणून पैदास सुरू केली होती. 1982 मध्ये ओमानने पहिला कळप रानात सोडला. 1996 पर्यंत तिथे 450 झाले. मग पुन्हा चोरटी शिकार, जिवंत पकडून विकणं. 2007 मध्ये उरले 65, विणीच्या जोड्या जेमतेम चार. ओमानने अभयारण्याचं क्षेत्रही नव्वद टक्के घटवलं, आणि युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढलं. असं पहिल्यांदाच घडलं.

त्याच वर्षी अमिरातीने अबुधाबीच्या दक्षिणेला, उम्म अल झुमूलमध्ये ओरिक्स सोडायला सुरुवात केली. 2011 मध्ये आययूसीएनने अरबी ओरिक्सला ‘संकटग्रस्त’मधून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या गटात आणलं. रानातून नामशेष झालेली प्राणिजात इथवर परतणं हेही पहिल्यांदाच.

उम्म अल झुमूलमध्ये त्यांना चारा आणि पाणी माणसंच पुरवतात. कुणी याला पूर्ण बरं होणं म्हणतं. मी अजून म्हणणार नाही.