दुधाच्या दातांची साक्ष

माझा पहिला दुधाचा दात पडला, तेव्हा आजीने तो उंदराच्या बिळात टाकायला लावला होता. उंदराने पडका दात न्यावा आणि आपल्यासारखा तीक्ष्ण दात द्यावा, ही त्यामागची समजूत. पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची हकीगत वाचनात आली. तिथल्या मुलांनी आपले पडके दात चक्क शास्त्रज्ञांना दिले होते. थोडेथोडके नव्हेत, तीन लाखांच्या वर!

ते का दिले, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. लिझे माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. युरेनियमचं अणुकेंद्र दुभंगलं होतं. मात्र ते दर वेळी सारखं दुभंगत नाही. कधी बेरियम आणि क्रिप्टॉन, कधी स्ट्रॉन्शियम आणि झेनॉन, असे नाना प्रकारचे तुकडे पडतात आणि त्यांतले बहुतेक किरणोत्सारी असतात. काही सेकंदांत विझतात, काही पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहतात. ही अणूची राखच म्हणा ना!

या राखेतलं स्ट्रॉन्शियम-९० मोठं फसवं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते कॅल्शियमच्या बरोबर खाली बसतं, त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियमच समजतं. १९५०च्या दशकात अमेरिका, रशिया आणि ब्रिटन उघड्या हवेत अणुचाचण्या करत होते. त्यांची धूळ आभाळात चढे, पावसाबरोबर गवतावर उतरे, गवतातून गाईच्या दुधात येई आणि दुधातून बाळाच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसे. वाढत्या मुलाला दूध द्यावं, हे साऱ्या जगाचं शहाणपण. इथे त्याच दुधाची धास्ती वाटू लागली.

पण हाडं तपासणार कशी? दात मात्र आपसूक पडतात. शिवाय दुधाच्या दाताची घडण आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होते. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचा दात सात वर्षांपूर्वीच्या दुधाची नोंद जपून ठेवतो. १९५८च्या डिसेंबरात डॉ. लुईझ राइस यांच्या देखरेखीखाली सेंट लुईसमध्ये दात गोळा करायला सुरुवात झाली. दात देणाऱ्या प्रत्येक मुलाला एक बिल्ला मिळे, आणि मुलं तो मिरवत.

१९६१ साली पहिले निष्कर्ष छापून आले. चाचण्या वाढल्या, तसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढलं होतं. पुढे तर १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० साली जन्मलेल्यांच्या सुमारे ५० पट आढळलं. यातून अमुक मूल आजारी पडेल, असं सिद्ध होत नव्हतं. पण वाळवंटात किंवा दूरच्या बेटावर केलेला स्फोट आपल्या घरातल्या पाळण्यापर्यंत पोचतो, हे आता कुणाला नाकारता येईना.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. १९५४ पासून चाचण्या थांबवा म्हणणाऱ्या भारतानेही त्यावर लगेच सही केली. करार काही एकट्या दातांमुळे झाला नाही. क्यूबाच्या पेचात जग युद्धाच्या तोंडावर जाऊन आलं होतं. फ्रान्स आणि चीन तर करारात आलेच नाहीत. चीनच्या हवेतल्या चाचण्या १९८० पर्यंत चालल्या. तरीही करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम उतरत गेलं.

२००१ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला एका जुन्या कोठारात यांतलेच सुमारे ८५ हजार दात सापडले. ज्यांचे ते दात होते, ती मुलं तोवर चाळिशीत-पन्नाशीत पोचली होती. स्ट्रॉन्शियम-९० निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. त्या हिशेबाने १९६३ सालच्या राखेचा पाचवा हिस्सा तरी आजही जगात शिल्लक आहे. करारावरची शाई केव्हाच वाळली, पण ही राख अजून विझलेली नाही.