अपडेट करताना लाइट गेली, राऊटर बंद पडला? फेकण्याआधी हे करून पाहा

सांगवी (ता. बारामती) : राऊटरचे सॉफ्टवेअर अपडेट होत असताना लाइट गेली की राऊटर 'ब्रिक' होतो, म्हणजे विटेसारखा निपचित पडतो. पॉवरचा दिवा लागतो, पण वायफायचे नाव काही दिसत नाही. दुकानदार सरळ नवा घ्या म्हणतो. खरे तर अशा वेळी बहुतेकदा फक्त मुख्य सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अर्धवट लिहिले गेलेले असते. राऊटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, चिपमध्ये वेगळ्या जागी असतो आणि तो सहसा शाबूत राहतो. त्याच्याच मदतीने फर्मवेअर पुन्हा भरता येते.

एकही दिवा लागत नसेल तर आधी अडॅप्टर तपासा. कित्येकदा दोष तिथेच निघतो.

टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन या मॉडेलचे उदाहरण घेऊ. राऊटरखालच्या स्टिकरवर मॉडेलसोबत व्हर्जनही छापलेले असते. त्याच व्हर्जनची फाइल कंपनीच्या साइटवरून मोबाइलच्या नेटवर उतरवून घ्या. दुसऱ्या व्हर्जनची फाइल भरली तर उरलीसुरली आशाही जाते. फाइलच्या नावात 'बूट' शब्द असेल तर ती आहे तशी भरू नये.

लॅपटॉपवर टीएफटीपीडी६४ हा मोफत प्रोग्राम टाका. लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.०.६६ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असा हाताने भरा (आकडे इंग्रजीत). वायफाय आणि फायरवॉल तेवढ्यापुरते बंद ठेवा. केबल राऊटरच्या लॅन पोर्टला लावा, इंटरनेटच्या वॅन पोर्टला नाही. आता राऊटर बंद करा, रीसेट बटण दाबून धरा, तसेच दाबलेले ठेवून चालू करा आणि साधारण दहा सेकंदांनी सोडा.

राऊटर आपणहून फाइल मागतो. नेमके कोणते नाव मागितले, ते प्रोग्रामच्या लॉगमध्ये दिसते. व्हर्जन १४ 'टीपी अंडरस्कोर रिकव्हरी डॉट बिन' मागतो, व्हर्जन ११ मध्ये याच नावाआधी मॉडेलचे नाव लागते. आपल्या फाइलला तेच नाव देऊन पुन्हा प्रयत्न करा. फाइल गेली की काही मिनिटे कशालाही हात लावू नये. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राऊटर इन्व्हर्टरवरच हवा, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

डी-लिंकच्या अनेक मॉडेलांत काम आणखी सोपे आहे. रीसेट दाबून चालू केल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकले की फाइल भरण्याचे साधे पान उघडते.

राऊटर फाइल मागतच नसेल तर बूटलोडरही गेला असण्याची शक्यता आहे. मग बोर्डाची दुरुस्ती करणारा माणूस गाठावा. चिप काढून सीएच३४१ए प्रोग्रामरने ती पुन्हा लिहिता येते. पण स्वस्तातला राऊटर असेल तर मजुरी विचारूनच काम द्यावे.

फायबर कनेक्शनसोबत आलेला डबा मात्र बहुधा कंपनीचा असतो. त्यावर यातला कोणताही प्रयोग करू नये, तक्रार नोंदवून बदलून मागावा.